हार्मोन दिलं तरी कॅन्सरची पेशी मरते, तोडलं तरी मरते. हे कसं?

शांतेरी_फोंडा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझी थोरली बहीण, वय ४३. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन झालं. आता टॅमॉक्सिफेनची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, निदान पाच वर्षं. डॉक्टरांनी सांगितलं की तिच्या गाठीतल्या पेशी इस्ट्रोजेनवर पोसतात, ते त्यांना लागू द्यायचं नाही. इथवर समजलं.

आमच्याच वाड्यावर एक सहा वर्षांचा मुलगा आहे. त्याला रक्ताचा कर्करोग, एएलएल. त्याच्या उपचारांचा पहिला आठवडा मुख्यतः प्रेडनिसोलोनवरच गेला. आठव्या दिवशी तपासलं तर रक्तातल्या वाईट पेशी जवळजवळ दिसेनाशा! त्याची आई म्हणाली, "ते स्टिरॉइड म्हणजेसुद्धा हार्मोनच गो."

मग एकीला हार्मोन तोडायचं आणि दुसऱ्याला ओतायचं, आणि दोन्हीकडे कॅन्सरच्या पेशी मरणार, हे कोडं मला सुटत नाही. ताईला तर ते फारच लागलंय. "त्या पोराला आठ दिवसांत गुण आणि मला पाच वर्षं? माझी गोळी काही करते तरी का?" असं विचारते. गेल्या दोन आठवड्यांत तिने चार-पाच वेळा गोळी चुकवल्याचं परवा मला पट्टी मोजताना कळलं. मला तिच्यावर रागवायचं नाही, तिला पटेल असं सांगायचंय. कोणी समजावेल का?

मोगरा
शांतेरी, आधी तुझ्या ताईला माझा नमस्कार सांग. माझं टॅमॉक्सिफेनचं सातवं वर्ष चालू आहे. सविस्तर रात्री लिहिते. तोवर एकच सांगते, उद्याची गोळी चुकवू देऊ नकोस.

कुळागर_सावईवेरे
मी डॉक्टर नाही, बागायतदार आहे. पण "पेशी मरते" म्हणजे काय एवढं कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, माणसाला सांगता येईल असं वाटतं, म्हणून लिहितो.

पोफळीची झावळी वाळते तेव्हा ती नुसती तुटून पडत नाही. आधी झाड तिच्यातला रस आखडून घेतं, मग विरी, म्हणजे झावळीचा खोडाला वेढणारा बुंधा, खोडापासून सुटी होते, आणि एका सकाळी सगळी झावळी विरीसकट खाली आलेली असते. खोडावर राहतं ते कोरडं, गुळगुळीत कडं. वादळात हिरवी झावळी मोडते तेव्हा खोड सोललं जातं, जखम ओली राहते, तिथून कीड शिरते. दोन्हीकडे झावळीच गेली. पण पहिली झाडाने सोडली आणि दुसरी ओरबाडली गेली.

माझ्या मुलीने बारावीला असताना सांगितलं होतं की पेशींचंही असंच असतं आणि त्या पहिल्या प्रकाराला इंग्रजीत काहीतरी ग्रीक नाव आहे. ते नाव जाणकारांनी सांगावं.

पेशीवाचक
कुळागरदादा, तुमच्या मुलीने अगदी बरोबर सांगितलं. नाव ॲपॉप्टोसिस. ग्रीकमध्ये त्याचा अर्थच मुळी पानगळ! १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी शोधनिबंधात हे नाव वापरलं, आणि ते सुचवलं होतं ॲबरडीन विद्यापीठातल्या ग्रीकच्या प्राध्यापकांनी, जेम्स कॉर्मॅक यांनी. ओरबाडलेल्या झावळीचा जो प्रकार, त्याला नेक्रोसिस म्हणतात. त्यात पेशी फुटते, आतलं सगळं बाहेर सांडतं, आजूबाजूला सूज येते. ॲपॉप्टोसिसमध्ये पेशी आक्रसते, स्वतःच्या पुड्या बांधते, आणि भक्षक पेशी येऊन त्या पुड्या गिळतात. शेजारच्या पेशीला पत्ता लागत नाही.

हे मरण पेशीच्या जनुकांतच लिहिलेलं असतं. एक मिलिमीटर लांबीचा एक सूत्रकृमी आहे, त्याच्या वाढीत १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या नेमक्या १३१ ठरल्या वेळी मरतात. ना एक जास्त, ना एक कमी. त्या कामाला २००२ चं नोबेल मिळालं.

आता शांतेरीताईंचा प्रश्न. बहुतेक संप्रेरकं म्हणजे हार्मोनं, उदाहरणार्थ इन्सुलिन, पेशीच्या बाहेरूनच दार ठोठावतात. इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसोल ही मात्र तेलात विरघळणारी, ती पेशीच्या पापुद्र्यातून सरळ आत शिरतात. आत त्यांची वाट बघणारी प्रथिनं असतात, त्यांना न्यूक्लिअर रिसेप्टर म्हणतात, मराठीत केंद्रकातले ग्राही. माणसात असे ४८ आहेत. संप्रेरक चिकटलं की ग्राहीचा आकार बदलतो आणि तो थेट डीएनएवर ठरावीक अक्षरं शोधून बसतो. तिथली जनुकं चालू होतात किंवा बंद पडतात. मध्ये दुसरा निरोप्या नाही.

शिकागोच्या एलवूड जेन्सननी १९५० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारी खूण केलेलं इस्ट्रोजेन लहान उंदरांना टोचून बघितलं. ते स्नायूंमधून निघून गेलं, गर्भाशयात मात्र अडकून राहिलं. तिथे त्याला धरून ठेवणारं काहीतरी आहे, हे तिथून कळलं. 

कोड्याची किल्ली माझ्या मते इथे आहे. संप्रेरकाच्या अंगी "मर" किंवा "जग" असा हुकूम नसतोच. ग्राही कुठल्या जनुकावर बसू शकेल, हे त्या जातीच्या पेशीने जन्मापासून ठरवून ठेवलेलं असतं. डीएनए म्हणजे पुस्तक धरा. त्याचा काही भाग उघडा असतो, काही गुंडाळून बंद. लिम्फोसाइटमध्ये, म्हणजे रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशीत, जे पान उघडं, ते यकृताच्या पेशीत मिटलेलं. ग्राही तोच, पानं वेगळी.

उद्या पुढचं लिहिते, प्रयोगशाळेत जायचंय.

बाबुटी
वाचतोय. पण मला हे सगळं पटत नाही, स्पष्टच लिहितो.

माझ्या बाबांना प्रोस्टेटचा कर्करोग. हार्मोन तोडायची इंजेक्शनं दिली. दोन वर्षं पीएसए (प्रोस्टेटचं रक्तात मोजतात ते प्रथिन) अगदी खाली, माणूस पूर्वीसारखा बाजारात जायला लागला, चतुर्थीला माटोळी बांधली. मग हळूहळू पीएसए परत वर. पेशी जर "मेल्या" होत्या तर परत आल्या कुठून? हार्मोन तोडून पेशी मरत नाहीत, झोपतात, असं माझं मत. उगीच लोकांना आशा लावू नये.

सुरंगीचा_वळेसर
बाबुटी, बाबांचं वाचून वाईट वाटलं. तुमचं निरीक्षण निम्मं बरोबर आहे. मी रक्तविकारांची डॉक्टर आहे, प्रोस्टेट माझा विषय नव्हे, तरी सांगते.

१९४१ मध्ये चार्ल्स हगिन्सनी दाखवलं की वृषणं काढली की प्रोस्टेटचा कर्करोग आटतो. त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. पेशीवाचकांनी ज्यांचं नाव घेतलं त्याच केर यांनी १९७३ मध्ये, अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोनं, तुटल्यावर उंदराच्या प्रोस्टेटच्या पेशी ॲपॉप्टोसिसने मरतात हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. तेव्हा मरतात हे खरं. पण *सगळ्या* मरत नाहीत. काही नुसत्या थांबतात, काही आधीपासूनच निराळ्या असतात. पुढे त्यांतल्या काही अँड्रोजेनच्या ग्राहीच्या जादा प्रती बनवतात, म्हणजे उरलंसुरलं हार्मोनही पुरतं. काही तर हार्मोन धरायचा भागच गाळलेला आखूड ग्राही बनवतात, एआर-व्ही७ नावाचा. त्याला हार्मोन लागतच नाही, तो कायम चालू.

म्हणून आता एन्झाल्युटामाइड, ॲबिराटेरोनसारखी पुढची औषधं आहेत. बाबांच्या डॉक्टरांशी त्याबद्दल बोललात का? पीएसए वर गेला म्हणजे वाट संपली असं नाही.

बाबुटी
ॲबिराटेरोन चालू केलंय गेल्या महिन्यात. आखूड ग्राहीचं कोणी सांगितलं नव्हतं. आभारी आहे, डॉक्टर.

डिचोली_एक्सप्रेस
या ४८ मध्ये व्हिटॅमिन डीचाही ग्राही आहे ना? मग सोपा उपाय समोरच आहे. गोव्यात ऊन काय कमी आहे? रोज अर्धा तास उन्हात बसा, आठवड्याला एक सॅशे घ्या, कॅन्सरच्या पेशी आपोआप गळतील. मी स्वतः घेतो. प्रयोगशाळेत व्हिटॅमिन डी घातलं की कॅन्सरच्या पेशी मरतात हे मी वाचलंय.

पेशीवाचक
डिचोलीदादा, व्हिटॅमिन डीचा ग्राही याच घराण्यातला, हे अगदी खरं. बशीत वाढवलेल्या पेशींवर त्याचा परिणाम दिसतो हेही खरं. पण बशीत घालतात तेवढी मात्रा माणसाला दिली तर आधी रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडतील. माणसांवर नीट तपासलंय. अमेरिकेत व्हायटल नावाच्या चाचणीत २५,८७१ लोकांपैकी निम्म्यांना रोज २००० युनिट व्हिटॅमिन डी दिलं, निम्म्यांना नुसती साखरगोळी, पाच वर्षांहून जास्त. निकाल २०१८ मध्ये आला. कर्करोग होण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच.

हाडांसाठी कमतरता असेल तर जरूर घ्या. कर्करोगाच्या औषधाऐवजी कोणी घेऊ नये, एवढंच कळकळीने सांगते.

डिचोली_एक्सप्रेस
ऐवजी घ्या असं मी म्हटलंच नाही. पण तसा अर्थ निघत असेल तर मागे घेतो. हा आकडा माहीत नव्हता.

मोगरा
आता माझं सविस्तर.

पहिल्या वर्षी मलाही शांतेरीच्या ताईसारखंच वाटायचं. केमोत निदान कळायचं तरी की काहीतरी चाललंय. केस गेले, तोंड आलं, पायांना मुंग्या आल्या. ही पांढरी बारकी गोळी घेतली की काय, तर रात्री दोन वाजता अंगातून वाफा. पंखा पाचवर आणि मी घामाने निथळतेय. नवरा चादर ओढून झोपलेला, मी व्हरांड्यात येऊन बसायची. पारिजात पडायला लागलेला असायचा, त्याचा वास यायचा. मनात यायचं, हे कशासाठी करतेय मी?

तिसऱ्या वर्षी एका शिबिरात एकाने सांगितलं, "हे हार्मोनचं विष बंद करा, आमचा काढा घ्या, सहा महिन्यांत शरीर शुद्ध." मी अडीच हजारांचा काढा आणलासुद्धा. गोळी बंद केली अकरा दिवस. मग माझ्या जावेने माझा रिपोर्ट काढून समोर ठेवला आणि म्हणाली, "यात लिहिलंय ते वाच आणि मला सांग काढ्याने हे बदलणार का." रिपोर्टवर होतं ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह. तेव्हा मी पहिल्यांदा डॉक्टरांना विचारलं की ईआर म्हणजे काय. ईआर म्हणजे इस्ट्रोजेनचा ग्राही, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा. त्याआधी कधी विचारायचं सुचलंच नव्हतं.

ताईला सांग, आधी रिपोर्ट उघड.

औषधवाला_म्हापसा
मोगराताई, अनुमोदन. माझ्या दुकानात येणाऱ्या बायकांतसुद्धा हेच बघतो. केमोच्या वेळी सगळं घर सोबत येतं, टॅमॉक्सिफेनच्या वेळी बाई एकटी येते, आणि दुसऱ्या वर्षापासून तीन पट्ट्यांऐवजी दोनच नेते.

दोन कामाच्या गोष्टी. पट्टीच्या मागे पेनने वार लिहा, म्हणजे घेतली की नाही हा वादच नको. आणि ताईंना वाफांसाठी किंवा उदासीसाठी कोणी गोळी लिहून दिली असेल तर ती पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन नाही ना, हे बघा. टॅमॉक्सिफेनचं यकृतात रूपांतर होऊन एंडॉक्सिफेन बनतं, खरं काम तेच करतं. या गोळ्या नेमकं ते रूपांतर करणारं विकर (एन्झाइम) अडवतात. परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारून बदलून घ्या.

पेशीवाचक
कालचं पुढे. आधी वाड्यावरच्या मुलाची गोष्ट.

त्याचा कर्करोग लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या जातीचा. त्या जातीला मरणाची सवयच असते. थायमस ग्रंथीत तयार होणाऱ्या बहुतेक लिम्फोसाइट कामाच्या नाहीत म्हणून तिथेच मारल्या जातात. स्टिरॉइडचा, म्हणजे कॉर्टिसोलचाच, ग्राही एरवी पेशीच्या रसात, सोबतच्या प्रथिनांच्या आधाराने थांबलेला असतो. प्रेडनिसोलोन आलं की तो केंद्रकात जातो, आणि लिम्फोसाइटमध्ये त्याच्यासमोर जी पानं उघडी असतात त्यात एक जनुक असतं, बिम नावाचं. बिम वाढलं की पेशीच्या मायटोकाँड्रियाला, म्हणजे ऊर्जाघरांना, भोकं पडतात, आतलं सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन बाहेर येतं, आणि कॅस्पेस नावाची कात्रीसारखी विकरं जागी होऊन पेशी आतून कापायला लागतात. सगळं काही तासांचं काम.

ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात, एमएस्सी करताना मी हे डोळ्यांनी बघितलंय. उंदराच्या थायमसच्या पेशी डेक्सामेथासोन या स्टिरॉइडमध्ये ठेवल्या, काही तासांनी डीएनए काढून, तुकडे मापाप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर चालवला. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावला आणि जेलवर नारिंगी रंगाची शिडी उमटली! एकाखाली एक पायऱ्या, सारख्या अंतराने. औषध न घातलेल्या पेशींचा डीएनए वरच एका ढिगात बसलेला. मरणारी पेशी आपला डीएनए साधारण १८० ते २०० अक्षरजोड्यांच्या मापाने कापते, म्हणून पायऱ्या पडतात. वायलींनी १९८० मध्ये ही शिडी नेमकी याच जातीच्या पेशींत, स्टिरॉइड देऊनच दाखवली होती. त्या मुलाच्या अंगात पहिल्या आठवड्यात हेच चाललं होतं.

आता ताई. स्तनाच्या या पेशींत इस्ट्रोजेनच्या ग्राहीसमोर उघडी पानं वेगळी. तिथे वाढीची जनुकं आहेत, आणि बीसीएल-२ आहे. बीसीएल-२ हा मरणाचा पहारेकरी, मायटोकाँड्रियाला भोकं पडू देत नाही. म्हणजे इस्ट्रोजेन इथे पेशीला दोनदा जपतं. वाढवतं, वर मरूही देत नाही. टॅमॉक्सिफेनने ते तोडलं की पेशी लगेच मरत नाही. आधी वाढ थांबते, पहारा ढिला पडतो, काही पेशी गळतात, काही नुसत्या उपाशी बसून राहतात. म्हणून हे आठ दिवसांचं काम नव्हे. उपाशी बसलेल्यांना पुन्हा खायला मिळू नये म्हणून वर्षानुवर्षं रोज.

खाजनकर
मी दिवाडी बेटावरचा. "टॅमॉक्सिफेनने तोडलं" म्हणजे नक्की काय केलं? इस्ट्रोजेन बनायचंच थांबवलं की ग्राही फोडला? मला यंत्र समजल्याशिवाय समजत नाही.

पेशीवाचक
दोन्ही नाही. इस्ट्रोजेन बनतच असतं. टॅमॉक्सिफेन त्याची जागा अडवतं. ग्राहीत एक खळगा आहे. इस्ट्रोजेन त्यात बसलं की ग्राहीची शेवटची, बारावी सर्पिल कडी झाकणासारखी खळग्यावर येऊन बसते. झाकण बसलं की त्याच्या पाठीवर मदतनीस प्रथिनं चिकटतात आणि जनुकं चालू होतात. टॅमॉक्सिफेनही खळग्यात बसतं, पण त्याला एक लांब शेपूट आहे. ती बाहेर डोकावते आणि झाकण बसूच देत नाही.

खाजनकर
अरे, हे तर आमचं मानस!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खाजन, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतीला बांध असतो आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी. कोणी माणूस ती उघडत-मिटत नाही. भरतीचं पाणी आलं की त्याच्याच रेट्याने दारं मिटतात, खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. पाणी हाच दाराचा मालक.

पावसात कधी एखादा ओंडका वाहत येतो आणि दारात तिरका अडकतो. मग भरती कितीही येवो, दार मिटत नाही. लहानपणी काकांबरोबर कंदील घेऊन रात्री ओंडका काढायला मी गेलोय, गळाभर पाण्यात उभं राहून. तर तुमचं टॅमॉक्सिफेन म्हणजे तो ओंडका. भरती इस्ट्रोजेनची, दार बाराव्या कडीचं. बरोबर ना?

पेशीवाचक
खाजनकर, इतकं चपखल मला वर्गातही कोणी सांगितलं नव्हतं. मुलांना शिकवताना आता हेच सांगणार.

तुमच्या मानसावरून पुढचंही सांगते. काही जणींत औषधांना न जुमानणाऱ्या पेशी उगवतात, तेव्हा या ग्राहीत ५३७ किंवा ५३८ क्रमांकाच्या जागी एक अक्षर बदललेलं सापडतं. त्या बदलाने झाकण हार्मोन नसतानाही मिटून बसतं. भरती नाही आणि दार बंद! मग तिथे दुसरा उपाय, फुल्व्हेस्ट्रंटचं इंजेक्शन. त्याने ग्राहीच मोडीत निघतो, पेशी त्याचा चुरा करते. म्हणजे दारच काढून टाकायचं.

कुळागर_सावईवेरे
मानसावर रात्री कोळंबी पण मिळते, ते खाजनकर सांगायचे विसरले.

खाजनकर
विसरलो नाही, धागा गंभीर आहे म्हणून गप्प बसलो. कोळंबी मिळते, आणि काय मिळते!

सुरंगीचा_वळेसर
वाड्यावरच्या मुलाबद्दल थोडी भर. त्या आठव्या दिवसाच्या तपासणीला फार महत्त्व असतं. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये वाईट पेशी १००० च्या खाली आल्या तर स्टिरॉइडला चांगला प्रतिसाद समजतात, आणि पुढचे उपचार किती कडक द्यायचे हे ठरवताना तो आकडा धरतात. पण शांतेरी, त्याच्या आईला एक सांगा. आठ दिवसांत रक्त स्वच्छ दिसलं म्हणजे काम झालं नाही. त्याचे उपचारही दोन-अडीच वर्षं चालतात. स्टिरॉइडला न मरणाऱ्या थोड्या पेशी हाडांच्या मज्जेत दडून राहतात आणि त्यांच्यासाठी पुढची सगळी औषधं. तेव्हा ताईंनी त्याच्याशी तुलना करूच नये. त्यालाही वर्षंच लागणार आहेत.

पेशी इतक्या झपाट्याने मरतात तेव्हा त्यांच्यातलं पोटॅशियम रक्तात उतरतं, युरिक ॲसिड वाढतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून त्या आठवड्यात भरपूर सलाइन आणि ॲलोप्युरिनॉल देतात. झपाट्याने गुण येण्याचाही धोका असतो.

आणि याच घराण्यातली एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार आहे, एपीएल. पूर्वी यात रुग्ण रक्तस्रावाने काही दिवसांत दगावत. त्यात रेटिनॉइक ॲसिडचा, म्हणजे व्हिटॅमिन एच्या भावंडाचा ग्राही, दुसऱ्या प्रथिनाला जोडला जाऊन बिघडलेला असतो आणि पेशींना मोठं होऊ देत नाही. १९८५ मध्ये शांघायच्या डॉ. वांग झेन्यी यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला ऑल-ट्रान्स रेटिनॉइक ॲसिड दिलं. पेशी मारण्याऐवजी त्यांना *मोठं केलं*. मोठ्या झालेल्या पेशी आपलं आयुष्य संपवून आपोआप गळल्या. ती मुलगी वाचली. आज या औषधाबरोबर आर्सेनिक ट्रायऑक्साइड देतात आणि वेळेत आलेले बहुतेक रुग्ण बरे होतात. माझ्या वॉर्डातून असे रुग्ण चालत घरी गेलेत. त्या दिवशी मला जेवण गोड लागतं.

बाबुटी
डॉक्टर, एक शंका. स्टिरॉइडने पेशी मरतात तर बाबांना, ताईंना, सगळ्यांनाच स्टिरॉइड का देत नाहीत?

सुरंगीचा_वळेसर
चांगला प्रश्न. पेशीवाचकांनी वर लिहिलं ना, ग्राही तोच, पानं वेगळी. लिम्फोसाइटमध्ये तो बिम वाढवतो. स्तन, प्रोस्टेट यांच्या पेशींत तोच ग्राही उलट मरणापासून वाचवणारी जनुकं चालू करू शकतो. प्रोस्टेटमध्ये तर अँड्रोजेनचा ग्राही पुरता अडवला की काही पेशी स्टिरॉइडच्या ग्राहीला त्याच्या जागी कामाला लावतात.

हे वाचून कोणी घाबरू नये. केमोच्या वेळी उलटी थांबवायला किंवा ॲबिराटेरोनबरोबर स्टिरॉइड देतात ते तोलूनमापून, गरज म्हणून. बंद करायचं नाही.

पेशीवाचक
आणि याच्याही पुढची गंमत. १९४४ मध्ये अलेक्झांडर हॅडो यांनी इंग्लंडमध्ये वयस्क स्त्रियांच्या पसरलेल्या स्तन-कर्करोगावर इस्ट्रोजेनसारखी औषधं *मोठ्या मात्रेत दिली*, आणि काहींच्या गाठी आटल्या! जे तोडायचं तेच देऊन. त्याचा उलगडा टॅमॉक्सिफेनवर आयुष्य घालवलेल्या क्रेग जॉर्डन यांच्या कामातून खूप पुढे झाला. इस्ट्रोजेनशिवाय वर्षानुवर्षं राहिलेल्या पेशींची घडी बदलते, आणि मग अचानक इस्ट्रोजेन आलं की त्यांना ते सोसत नाही, त्या ॲपॉप्टोसिसने मरतात. शांतेरीताईंच्या प्रश्नाचं याहून सरळ उदाहरण नाही. एकच हार्मोन, एकाच जातीची पेशी, फक्त मधला काळ वेगळा.

एक ग्राही तर डीएनए सोडून भलतंच करतो. नूर७७ त्याचं नाव. मरणाची वेळ आली की तो केंद्रकातून बाहेर पडतो, मायटोकाँड्रियावर जाऊन बीसीएल-२ ला चिकटतो आणि त्याचा आकारच उलटवतो. काल जो पहारेकरी होता तोच मारेकरी. हे २००४ मध्ये छापून आलं तेव्हा मी शाळेत होते. पुढे वाचलं तेव्हा त्या रात्री झोप आली नाही. त्यासाठीच या विषयात आले.

शांतेरी_फोंडा
तुम्हा सगळ्यांना देव बरें करूं. काल रात्री ताईला शेजारी बसवून सगळा धागा वाचून दाखवला. मानसाचं वाचल्यावर तिने मला थांबवलं, "परत वाच" म्हणाली. आमचं आजोळ खाजनाकडचं, तिने दारं मिटताना बघितलीयेत.

मोगराताई, रिपोर्टही काढला. ईआर पॉझिटिव्ह, ऑलरेड स्कोअर ८. पीआर पॉझिटिव्ह, स्कोअर ७. हे चांगलं की वाईट? आणि तिने आणखी एक सांगितलं जे मला माहीत नव्हतं. टॅमॉक्सिफेनने गर्भाशयाचा कर्करोग होतो असं कोणीतरी फॉरवर्ड पाठवलं होतं, गोळी चुकवण्यामागे ती भीतीसुद्धा होती.

सुरंगीचा_वळेसर
ऑलरेड ८ पैकी मोजतात, म्हणजे ८ हा सर्वांत वरचा. ताईंच्या गाठीतल्या बहुतेक पेशींत ग्राही भरपूर होते. पीआरही चांगला असणं ही आणखी जमेची बाजू, कारण प्रोजेस्टेरॉनचा ग्राही इस्ट्रोजेनच्या ग्राहीच्या हुकमावरून बनतो. पीआर आहे म्हणजे ईआर नुसता बसलेला नाही, काम करतोय. अशाच गाठींवर टॅमॉक्सिफेन सर्वांत चांगलं लागू पडतं.

गर्भाशयाची भीती पोकळ नाही, म्हणून नीट सांगते. तोच नियम: ग्राही तोच, पानं आणि मदतनीस वेगळे. स्तनात टॅमॉक्सिफेन दार अडवतं, गर्भाशयाच्या अस्तरात ते थोडं इस्ट्रोजेनसारखं वागतं. पाळी गेलेल्या स्त्रियांत त्यामुळे अस्तराच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. ताईंच्या वयात तो फारच कमी. फायदा त्याच्या कितीतरी पट. पाळीव्यतिरिक्त रक्त दिसलं, पाळी गेल्यावर पुन्हा दिसलं, तर त्याच आठवड्यात दाखवायचं. पायाला एका बाजूची सूज, दुखणं, किंवा अचानक धाप लागली तर लगेच, कारण रक्ताच्या गाठीचा धोका असतो.

चुकलेल्या गोळीसाठी दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. नेहमीची एक. आणि पुढच्या वेळी ओपीडीत चुकवल्याचं मोकळेपणाने सांगू दे. कोणी रागावणार नाही.

मोगरा
ताईला सांग, मी संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावला की घेते. सात वर्षांत ते अकरा दिवस सोडले तर चुकली नाही. वाफा तिसऱ्या वर्षापासून खूप कमी झाल्या. आणि तिला माझा नंबर हवा असेल तर मला खाजगी संदेश कर. रात्री दोन वाजता फोन केला तरी चालेल, मी तशी जागीच असते.

औषधवाला_म्हापसा
पट्टीवर वार लिहिला का?

शांतेरी_फोंडा
लिहिला दादा. तिनेच लिहिला, सोमवारपासून.

खाजनकर
शांतेरी, ताईंना घेऊन एखाद्या रविवारी या. जुन्या गोव्याहून फेरीबोट धरा, मी धक्क्यावर घ्यायला येतो. भरतीच्या वेळी मानसावर बसू, दार कसं मिटतं ते जवळून बघता येईल. कोळंबी माझ्याकडून.

शांतेरी_फोंडा
ताई लगेच हो म्हणाली. फक्त दिवेलागणीच्या आत घरी परतायचंय, गोळीची वेळ तीच ठरवलीय.